सुपडू आबांची हवाई हद्द

आमळखेडे हे गाव यावल तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाला, चोपड्याकडे तोंड करून बसलेलं आहे. तिथले पोलीस पाटील म्हणजे सुपडू आबा. पोलीस पाटलाचं काम दोन प्रकारचं असतं. गावात काही घडलं की ठाण्याला कळवायचं, आणि काही घडू नये म्हणून आधीच तिथे जाऊन उभं राहायचं. आबा दुसऱ्या कामात तयार होते. भांडण पेटलेल्या अंगणात ते नुसते जाऊन उभे राहत. बोलत काहीच नसत. थोड्या वेळाने भांडणाऱ्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं आणि कुणीतरी आबांना चहा विचारायचं. चहा आला की भांडण संपलं असं धरलं जाई. बांधाची, पाटाच्या पाण्याची, मोडलेल्या सोयरिकीची कितीतरी भांडणं आबांनी अशी मिटवली होती.

अडचण एवढीच होती, की या पद्धतीत भांडणाचं कारण जमिनीवर असावं लागे. वर उडणाऱ्या गोष्टीशेजारी जाऊन उभं कसं राहायचं, हा प्रश्न आबांपुढे साठीला टेकल्यावर आला, आणि तोही त्यांच्याच ओसरीतून.

आबांचा मुलगा समाधान सुरतेला साडीच्या कारखान्यात होता, दिवाळीला यायचा. सून दिपमाला गावातच होती. ती बचत गटाची सचिव. गटाला सरकारी योजनेतून फवारणीचा ड्रोन मिळाला, तेव्हा तो चालवायला कोण शिकणार हे ठरेना. बाकीच्या बायांची लेकरं लहान, किंवा सासू मोठी. दिपमालाची मुलगी नाशिकला शिकत होती आणि सासू कधीच वारली होती. ती प्रशिक्षणाला गेली, परीक्षा देऊन पास झाली, आणि फोटो असलेलं प्रमाणपत्र घेऊन परत आली. ड्रोनची पेटी टेम्पोतून आली. ती ठेवण्यापुरती कोरडी जागा घरात एकच होती, आबांच्या खाटेची. आबांची खाट दाराजवळ सरकली. पेटीतलं सहा हातांचं ते यंत्र घडी घालून निजलेलं असे. सोयऱ्याचा अनोळखी मित्र मुक्कामाला आला की घरधनी त्याच्याकडे जसं बघतो, तसं आबा त्याच्याकडे बघत. तक्रार नव्हती, पण उठून जाईल कधी याचा अंदाज नव्हता.

पहिलं लफडं मात्र दुसऱ्याच ड्रोनमुळे झालं. मे महिन्यात जीवराम नानांच्या मुलीचं लग्न होतं. नाना गावातले मोठे शेतकरी. केळी, कपाशी, दोन विहिरी, एक जीप. नवरदेव दोंडाईचाकडचा. त्यांनी येतानाच फोटोवाला आणला होता आणि फोटोवाल्याने छोटा ड्रोन. आधी त्याने वरात वरून टिपली, मांडव टिपला, तोपर्यंत सगळ्यांनी माना वर करून हात हलवले. मग तो ड्रोन मांडवामागे गेला. तिथे बाया हळदीचे हात-पाय धूत होत्या, कुणी पदर पिळत होत्या. ड्रोन त्यांच्या डोक्यावर येऊन थांबला आणि थांबूनच राहिला.

त्या बायांत सरपंच इंदिराबाई होत्या. त्यांनी आधी हाताने हुसकलं, जसं कावळ्याला हुसकतात. तो जरा वर गेला आणि पुन्हा खाली आला. तेव्हा इंदिराबाईंनी शेजारच्या चुलाणावरचा झारा उचलला आणि भिरकावला. नेम धरला नव्हता, पण लागला. ड्रोन तिरपा होत होत वांग्याच्या भाजीच्या पातेल्यात पडला. पंगत उठून गेली होती, पातेल्यात तळाला थोडा रस्साच उरला होता, म्हणून नुकसान फक्त ड्रोनचं झालं.

फोटोवाला तक्रार द्यायला निघाला. आबा नेहमीप्रमाणे त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले. चहा आला. फोटोवाला चहा प्यायला, तेलकट ड्रोन पिशवीत घालून दोंडाईचाला गेला, आणि प्रकरण मिटलं असं आबांनी धरलं.

पण गावाच्या मनात वर बघायची सवय राहिली. कुठे गुणगुण आवाज झाला की बाया न्हाणीचं दार लावून घेत. दोन-तीनदा तो आवाज पिठाच्या गिरणीचा निघाला.

श्रावणात जीवराम नानांची कपाशी कमरेच्या वर गेली आणि तिच्यावर तुडतुडे पडले. नानांनी दिपमालाला बोलावलं. तिने एका सकाळी ते सगळं वावर फवारून दिलं, आणि नाना दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले, की माणसाच्या पायाने एक झाड मोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भागाबाई आबांच्या दारात आली.

भागाबाईचा अर्ध्या बिघ्याचा तुकडा नानांच्या कपाशीला लागून होता. त्यात ती मेथी, कोथिंबीर, पोकळा लावायची आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकायची. एकटी बाई. कुणाच्या अध्यातमध्यात नसे. तिने डोक्यावरचा भारा उतरवला आणि आबांच्या खाटेपुढे ठेवला. उपटलेली मेथी होती, ओली, मुळांसकट.

"आबा, तुमनी सूननं यंत्र माले काय करस?" ती म्हणाली. "त्यानं औषध मना वावरमा उनं. पानंवर थेंब दिसी ऱ्हायना व्हतात."

"बाजार तर आज आहे ना तुझा?" आबांनी विचारलं.

"शे ना. म्हनीसन तं बठ्ठी उपटी टाकी. बजारमा नेती तं कोनले समजतं? पन माले ठाऊक शे ना. कोनाना पोरले खावाडू मी ती?"

आबांनी नेहमीचंच केलं. ते उभे राहिले. पण भागाबाई एकटीच होती, आणि ती भांडतही नव्हती. आपल्याच सुनेच्या बाबतीत आपण कुणाशेजारी उभं राहायचं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी स्वतःच आत जाऊन चहा सांगितला. दिपमाला चहा घेऊन आली आणि मेथी बघून तिथेच थबकली.

"वारा फिरला होता मधेच," ती म्हणाली. "मी थांबवलं होतं लगेच. पण मावशी, मी आदल्या दिवशी कळवलं होतं. शिकवलंच आहे तसं आम्हाला. फवारणीच्या आधी पंचायतीला कळवायचं, आजूबाजूला कळवायचं. मी ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकलं होतं."

"माले मोबाईल नई शे," भागाबाई म्हणाली.

आबांकडे होता. त्यांनी चष्मा लावून ग्रुप उघडला. ग्रामसेवक हितेंद्र भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचा केक आणि एक उगवता सूर्य यांच्या मधोमध दिपमालाचा निरोप होता. कुणाच्या वावरात, केव्हा, कोणतं औषध, सगळं नीट लिहिलेलं. खाली गावातल्या पाच-सहा जणांनी हात जोडले होते. त्यात एक जोडी आबांची होती.

"हात जोडले म्हणजे वाचलं असं होत नाही," आबा म्हणाले. हे त्यांनी कुणाला सांगितलं ते स्पष्ट झालं नाही.

दिपमालाने भागाबाईला मेथीची भरपाई देऊ केली. भागाबाईने घेतली नाही. पुढच्या वेळी काय, एवढंच तिला विचारायचं होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा भरली. एरवी ग्रामसभेला कोरम पुरा करायला माणसं चहाच्या टपरीवरून धरून आणावी लागत. त्या दिवशी बायाच एवढ्या आल्या की ओटा पुरला नाही. लग्नातला ड्रोन आणि मेथीवरचा ड्रोन, गावाच्या दृष्टीने दोन्ही एकच. इंदिराबाईंनी ठराव वाचला. गावाच्या हद्दीत, जमिनीपासून आकाशापर्यंत, कोणताही ड्रोन उडवण्यास बंदी.

हितेंद्र भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताई, एक अडचण आहे. आकाश ग्रामपंचायतीच्या हद्दीत येत नाही. त्याचे नियम केंद्राचे आहेत."

"मग आकाशातून पडलेलं कुणाच्या हद्दीत येतं?" इंदिराबाईंनी विचारलं.

भाऊसाहेबांनी चष्मा पुन्हा लावला. त्यावर परिपत्रक नव्हतं.

तेवढ्यात दिपमाला उभी राहिली. सासरा समोर बसलेला असताना ग्रामसभेत उभं राहायची तिची ती पहिलीच वेळ. "बंदी करा," ती म्हणाली, "पण मग पाठीवरच्या पंपालाही करा. वारा त्यालाही असतोच. मेथीवर पंपाचं औषध पडलं तर ते काय कोथिंबीर होतं?"

बायांत कुणीतरी हसलं. पुरुष आबांकडे बघू लागले. आबांनी मान खाली घातली आणि ओट्यावरची एक मुंगी कुठे जाते ते बघितलं. ठराव मंजूर झाला. तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम पोलीस पाटलाकडे आलं, कारण दुसरं कुणी घेईना.

आबा ठरावाची प्रत घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी ती दोनदा वाचली, भुवया उंचावल्या, आणि ठीक आहे, बघू, असं म्हणून फायलीत लावली. आबांनी याचा अर्थ मंजुरी असा घेतला.

मग आमळखेड्यात एक चमत्कारिक दिनक्रम सुरू झाला. गटाला काम तर हवंच होतं. दिपमाला आणि तिची जोडीदारीण बेबाबाई धरणगावकडच्या कपाशीची कामं घेऊ लागल्या. पहाटे मालवाहू रिक्षा यायची, पेटी रिक्षात चढायची, आणि आबा सायकलवरून रिक्षामागे गावच्या शिवेपर्यंत जायचे. पेटीचं झाकण हद्दीत उघडलं जात नाही ना, हे बघायला. शीव ओलांडली की ते सायकल वळवायचे. संध्याकाळी रिक्षा परत यायची वेळ झाली की पुन्हा शिवेवर हजर.

"आबा, झाकणाला कुलूप आहे," तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिपमाला म्हणाली. "किल्ली तुमच्याकडे ठेवा. धरणगावला दुसरी आहे."

"किल्ली नको," आबा म्हणाले. "माझा तुझ्यावर विश्वास नाही असं लोकांना वाटेल."

बेबाबाईला हसू आवरेना म्हणून ती रिक्षाच्या पलीकडच्या बाजूला गेली. दिपमालाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ती घरात आबांशी पूर्वीसारखीच वागे. जेवायला वाढे, औषधाची आठवण करी. फक्त पूर्वी ती दिवसभरातलं काहीबाही सांगत बसायची, ते बंद झालं. आबांना घरात आवाज कमी झाल्यासारखा वाटे. त्यांनी दोनदा रेडिओचे सेल बदलले.

भाद्रपदात आबांच्या स्वतःच्या कपाशीवर कीड आली. ओसरीत फवारणीचं यंत्र, घरात ते चालवणारी, आणि वावर शिवेच्या आत. आबांनी सुकदेवला बोलावलं. सुकदेव गावातला नेहमीचा फवारणीवाला. अंगाने काटक, बोलायला कमी. पाठीवर पंप घेऊन तो दिवसभर चालू शकत असे. आबांनी त्याला तोंडाला बांधायला रुमाल दिला, त्याने तो डोक्याला बांधला. कपाशी त्याच्या छातीपर्यंत आली होती. पावसाने ओढ दिली होती आणि ऊन चैत्रासारखं तापलं होतं. आबा बांधावरच्या निंबाखाली बसून होते.

दुपारी पंपाचा आवाज थांबला. आबांना वाटलं, पाणी भरायला गेला असेल. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. ते कपाशीत शिरले तेव्हा सुकदेव दोन ओळींच्या मधे बसला होता, आणि त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. त्याने आबांकडे बघितलं, पण ओळखल्यासारखं बघितलं नाही.

नानांची जीप आली. यावलच्या दवाखान्यात त्याला सलाईन लावून पुढे जळगावला पाठवलं. आबांनी त्याच्या अंगातला औषधाने भिजलेला सदरा काढून रस्त्यातच फेकला होता, म्हणून तो उघडाच होता. आबांनी स्वतःचं उपरणं त्याच्यावर टाकलं. वाटेत सुकदेव काहीतरी पुटपुटत होता. आबांनी कान लावला. तो म्हणत होता, पंप वावरातच राहिला.

सुकदेवची बायको संध्याकाळी एस.टी.ने जळगावच्या दवाखान्यात आली.  ती बाकावर आबांच्या शेजारी बसली, आणि डॉक्टर आले की उठून उभी राहत गेली. आबांना उभं राहायची सवय होती, पण त्या बाकावर मात्र त्यांचे पाय उठेनात. लोकांची भांडणं मिटवताना शेजारी उभं राहणं सोपं होतं, कारण त्यात आपण नसायचो, असं काहीसं त्यांच्या मनात येऊन गेलं. 

सुकदेव वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने पेज मागितली. डोळे अजून लालच होते. तो बोलण्याजोगा झाला तेव्हा आबांनी त्याला सरळ विचारलं, "सुकदेव, तूच सांग. ड्रोन असावा का नसावा?"

सुकदेव छताकडे बघत म्हणाला, "आबा, यंत्र आलं तर माझी मजुरी जाते. पंप घेतला तर मी जातो. मला काय विचारता?"

आबा त्याला विचारून परत आले ते घरी गेलेच नाहीत. ते आधी भागाबाईच्या वावरात गेले. ती वाफ्यांना पाणी देत होती. आबा बांधावर उभे राहिले. भागाबाईच्या वावरात चहाची सोय नव्हती, त्यामुळे बोलावंच लागलं.

"भागाबाई, तुला नक्की काय पाहिजे? बंदीच पाहिजे का?"

भागाबाईने वाफ्याच्या तोंडाला माती लावून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. "मी बंदी कवय मांगी? ती सरपंचबाईनी करी. माले इचारं पायजे, बस. मना बांधवर ईसन इचारा. मोबाईलवर नई."

"आणि तू नाही म्हणालीस तर?"

"तं नई," भागाबाई म्हणाली.

त्या रात्रीच्या जेवणाला आबांनी सुनेला ताटापुढे बसवलं आणि यंत्राबद्दल विचारायला सुरुवात केली. वारा किती चालतो, थेंब किती लांब जातो, मधे थांबवता येतं का, पाणी कुठलं लागतं. दिपमाला आधी मोजकं बोलली. मग उठून तिने पेटी उघडली आणि फवाऱ्याचं तोंड हातात घेऊन दाखवलं. ओसरी शिवेच्या आतच होती. आबांनी हरकत घेतली नाही.

"मी ग्रुपवर टाकलं हे बरोबर होतं आबा," ती शेवटी म्हणाली. "पण ते कुणाला कळलं नाही हेही खरंच आहे. दोन्ही मला माहीत होतं. तुम्ही त्या दिवशी मुंगी बघत बसलात, त्याचं वाईट वाटलं."

"बघण्यासारखी नव्हती मुंगी," आबा म्हणाले.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आबांनी स्वतःहून बोलायला हात वर केला. असं पूर्वी घडलं नव्हतं, त्यामुळे इंदिराबाईंना वाटलं की त्यांना पाणी हवंय, आणि तांब्या त्यांच्यापर्यंत आला. आबा पाणी प्यायले आणि बोलले. आकाश आपलं नाही हे भाऊसाहेबांचं म्हणणं त्यांना पटलं होतं. पण यंत्र उठतं जमिनीवरून, टाकी भरते गावाच्या हौदावर, आणि औषध पडतं कुणाच्या ना कुणाच्या वावरात. तेवढं तरी आपल्या हद्दीत आहे. फवारणारीने आदल्या संध्याकाळी लगतच्या प्रत्येक बांधावर स्वतः जाऊन सांगायचं. सकाळी वारा कळायला बांधावर बांबूला चिंधी बांधायची. शेजाऱ्याने चिंधी बघून हो म्हटल्यावरच औषध कालवायचं. तो नाही म्हणाला तर नाही. आणि लग्नाचा ड्रोन मांडवाच्या पुढे उडेल, मागे नाही, आणि तोही वधूकडच्या बायांना विचारून.

"असं केलं तर फवारणी होणारच नाही," जीवराम नाना उसळले. "शेजाऱ्याच्या हो-ला मी किती दिवस थांबू? कीड थांबते का?"

"सुकदेवला जळगावला नेलं तेव्हा तुमचीच जीप होती, नाना," आबा म्हणाले.

नाना खाली बसले. भाऊसाहेबांनी विचारलं की ठरावाला कायद्याचा आधार काय लिहू. बराच खल झाला. शेवटी त्यांनी लिहिलं, "गावाच्या सोयीसाठी." आणि मजुरांचं काय, असं सुकदेवच्या भावाने विचारलं.  पाणी आणायला आणि चिंधीवर लक्ष ठेवायला गटाने एक माणूस लावायचा, आणि पहिला मान सुकदेवचा, एवढं ठरलं. बाकीच्या फवारणीवाल्यांपैकी दोघं त्या महिन्यात केळीकापणीच्या टोळीत गेले. त्यांना ते बरं वाटलं की वाईट, हे त्यांनी सांगितलं नाही.

पहिली परीक्षा आठवड्याच्या आतच आली. नानांच्या कपाशीत बोंडअळी दिसली. दिपमाला संध्याकाळी भागाबाईच्या बांधावर जाऊन सांगून आली. सकाळी चिंधी लागली, इंदिराबाईंच्या जुन्या पातळाची, हिरवी. यंत्र उभं राहिलं. अजून नीट ताकद न आलेला सुकदेव पाण्याच्या टाकीजवळ बसला. चिंधी आडवी फडफडत होती. भागाबाई म्हणाली, नई. यंत्र पेटीत गेलं.

दुसऱ्या दिवशीही वाराच होता. नानांनी बोंडं मोडून आतली अळी प्रत्येकाला दाखवली. तिसऱ्या दिवशी चिंधी मेल्यासारखी लटकत होती. पानही हलत नव्हतं. सगळे भागाबाईकडे बघू लागले.

"नई," ती म्हणाली.

"अगं पण वारा कुठाय?" नाना ओरडले. "आबा, हिला कारण विचारा! नाही म्हणायला कारण लागतं की नाही?"

हे मात्र ठरावात लिहायचं राहून गेलं होतं. आबा बांधावर दोघांच्या मधे उभे राहिले. नेहमीसारखं बोलायचं टाळता येईल का, ते त्यांनी पाहिलं. येणार नव्हतं.

"कारण लागतं," ते म्हणाले. "पण ते चांगलंच असावं असं नाही. भागाबाई, काय आहे ते मोठ्याने सांग."

भागाबाईने हातातलं खुरपं साडीला पुसलं. "माले भीती वाटस," ती म्हणाली. "मागल्या टाईमले बी वारा नई व्हता. मंग उना."

नाना काहीतरी बोलणार होते, पण ते कारण असं होतं की त्यावर ओरडता येत नव्हतं. दिपमाला यंत्राजवळून चालत बांधापर्यंत आली. तिने चप्पल काढून ठेवली आणि भागाबाईच्या वावरात उतरली.

"मावशी, आधी नुसतं पाणी भरते. औषध नाही. विहिरीचं पाणी, सुकदेवभाऊंनी तुमच्यासमोर भरायचं. तुम्ही तुमच्या बांधावर उभ्या राहा. थेंब आला तर सांगा. मग आज नाहीच."

सुकदेवने पाणी भरलं. भरण्याआधी भागाबाईने ओंजळीत घेऊन वास घेतला, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून थोडं प्यायलीही. मग ती बांधावर गेली आणि दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली, तळवे वर. ड्रोन उठला. त्याच्या वाऱ्याने कपाशी दुभंगल्यासारखी वाकत गेली. तो बांधाच्या अलीकडे थोडं अंतर सोडून वळला आणि पाणी सोडत ओळीने परत गेला. भागाबाई हलली नाही. तिने डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या फेरीला तिने एक पाऊल पुढे टाकलं, तिसऱ्याला आणखी एक. शेवटी ती जवळजवळ नानांच्या कपाशीत शिरून उभी होती. आबांना वाटलं, ही आता थेंब सापडेपर्यंत थांबत नाही.

सापडला. तिने हात वर करून दाखवला, मनगटावर एक. पण तोवर ती स्वतःच्या बांधापासून बरीच आत आली होती. तिने मागे वळून बांध पाहिला, मधलं अंतर पाहिलं, आणि मनगट पदराला पुसलं.

"कालवा औषध," ती म्हणाली.

फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी भागाबाई बाजारात बसली. मेथी दुपारच्या आत संपली, नेहमीसारखीच.

साध्या पाण्याची एक फेरी आधी मारायची, हे पुढे आपोआप रिवाजात आलं. लिहिलं कुणीच नाही. शेजारच्या एका गावातून दोघं-तिघं हा ठराव मागायला आले, तेव्हा हितेंद्र भाऊसाहेबांनी त्यांना प्रत दिली. ते परत आले आणि म्हणाले, यात तर काहीच नाही. आबांनी त्यांना म्हटलं, मग बांधावर येऊन उभे राहा एक दिवस. एकजण आला. बाकीच्यांना वेळ नव्हता. अजूनही काही दिवस कुणीतरी नाही म्हणतो, कुणाची कीड वाढते, कुणी चिंधीच्या बाबतीत खोटं बोलतो. आबांची सायकल तिकडे जाते.

दिपमाला पुन्हा दिवसभरातलं सांगत बसू लागली. आबांना त्यातलं निम्मं कळत नाही, पण रेडिओ आता ते स्वतःच बंद करतात.

त्या हंगामात आबांची स्वतःची कपाशी मात्र राहूनच गेली होती. घरचं म्हणून नंबर आधी लावायचा नाही, असं दिपमालाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि आबांना त्यात बोलण्यासारखं काही सापडलं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर एकदाचा त्यांचा नंबर लागला. चिंधी लागली, सुकदेवने पाणी आणलं, यंत्र उभं राहिलं. आबांच्या वावराला लागून जीवराम नानांची केळी होती. नाना बांधावर आले, हात पाठीमागे बांधून. त्यांनी चिंधीकडे पाहिलं. ती अगदी थोडी, टोकाला हलत होती.

"नाही," नाना म्हणाले. "आज वारा आहे."

आबांनी चिंधीकडे पाहिलं, मग नानांकडे. नानांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण ते खुशीत होते हे चालीवरून कळत होतं.

"ठीक," आबा म्हणाले. "उद्या बघू."

दिपमालाने पेटीचं झाकण लावलं. आबांनी सायकल उचलली. नानांनी त्यांना चहा विचारला, आणि आबा चहाला गेले.